इंग्लंडमधल्या जुन्या घरगुती लॉरी कंपनीच्या फोटोंचा डबा मिळालाय, कुणाला यातलं कळतं का?

साळुंकी:
मंडळी, विषय जरा वेगळा आहे पण इथे गाड्यांचे वेडे बरेच आहेत म्हणून टाकतेय. मी लँकेशरमध्ये राहते. शेजारी एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, त्यांच्या माहेरी लॉऱ्यांचा धंदा होता. आजोबांनी पहिल्या महायुद्धानंतर सैन्याची विकायला काढलेली लॉरी घेऊन सुरू केला, मग वडील आणि दोन काका त्याच्यात, आणि ऑफिस म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल, तिथे बसून आई बिल्ट्या, हिशेब, गिऱ्हाइकांचे फोन सगळं बघायची. १९७० च्या दशकात बंद झाला. आता त्यांनी मला एक पत्र्याचा डबा दिलाय फोटोंचा, स्कॅन करून दे म्हणून. स्कॅन काय मी करीन, पण फोटोखाली लिहायचं काय? आजींना माणसांची नावं पाठ आहेत, गाड्यांबद्दल विचारलं तर "मोठी हिरवी" आणि "ती आवाज करणारी" एवढंच.

तर प्रश्न असे. १९४८ पर्यंत हिरव्या गाड्या, दारावर घराण्याचं नाव, केबिनच्या डोक्यावर मोठी नावाची पाटी. मग पाचेक वर्षं मोठ्या गाडीचा एकही फोटो नाही. आणि एकदम १९५४-५५ ला परत गाड्या, पण रंग वेगळा, गाड्याही वेगळ्या. आजींना विचारलं तर "घेऊन गेले" एवढंच म्हणतात, तेही चिडून. कोण घेऊन गेले? जप्ती वगैरे होती का, विचारायला पण अवघड वाटतं. दुसरं म्हणजे मोठ्या गाड्यांच्या मागे २० लिहिलेली छोटी गोल चकती आहे, आणि बाजूला खाली यू.डब्ल्यू. लिहून पुढे तीन आकडे, मध्ये रेघा. आणि तिसरं, गावातला कुठलाही म्हातारा हे फोटो बघितला की विचारतो गार्डनर होतं का, आणि हो म्हटलं की टोपी काढायचीच बाकी ठेवतो. हे गार्डनर काय प्रकरण आहे?

निवृत्त_कारकून:
साळुंकीताई, जप्ती नाही, राष्ट्रीयीकरण. १९४७ चा ट्रान्सपोर्ट ॲक्ट. ॲटलींचं मजूर पक्षाचं सरकार होतं, १ जानेवारी १९४८ ला रेल्वे सरकारी झाली हे सगळ्यांना माहिती असतं, पण त्याच कायद्याने लांब पल्ल्याचे लॉरीवालेही घेतले हे फार लोक विसरतात. ज्यांचा मुख्य धंदा ४० मैलांपेक्षा लांबच्या भाड्याचा, त्या कंपन्या पुढच्या दोनतीन वर्षांत एकेक करून सरकारने घेतल्या, तीन हजारांच्या वर कंपन्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा तुमच्या आजींसारख्याच, चारपाच गाड्या, बाप आणि मुलं. सगळ्या मिळून ब्रिटिश रोड सर्व्हिसेस, म्हणजे बीआरएस झाली. भरपाई दिली, गाड्यांची दिली आणि धंदा गेला त्याचीही दिली, त्यामुळे लुटलं असं म्हणता येणार नाही. पण घरातल्या माणसाला "घेऊन गेले" हेच वाटणार ना.

ज्यांच्या कंपन्या राहिल्या त्यांनाही मोकळं रान नव्हतंच. आपल्या तळापासून २५ मैलांच्या बाहेर भाडं मारायचं तर परमिट लागायचं.

मग १९५१ ला चर्चिल परत आले आणि १९५३ ला उलटा कायदा केला. बीआरएसच्या गाड्यांचे लहान लहान गट पाडून टेंडर मागवून विकायला काढल्या, गाडीबरोबर स्पेशल ए लायसन्स मिळायचं आणि खरी किंमत त्या लायसन्सची होती. का, तर १९३३ च्या कायद्यापासून तिकडे ए, बी, सी अशी लायसन्सं होती. ए म्हणजे लोकांचा माल भाड्याने नेणारा, सी म्हणजे फक्त स्वतःचा माल नेणारा, बी म्हणजे दोन्ही पण अटी घालून. नवीन ए मागायला गेलात की रेल्वे आणि आधीचे लॉरीवाले वकील घेऊन समोर उभे, या माणसाची गरजच नाही म्हणून. त्यामुळे १९५४ च्या आसपास गाड्या परत दिसतात याचा अर्थ आजींच्या वडिलांनी टेंडर भरलं असणार. विचारून बघा, मला तरी तसंच वाटतंय.

डिझेलप्रेमी:
कारकूनकाकांनी कायदा सांगितला, आता लोखंडाचं मी सांगतो.

२० ची चकती म्हणजे वेगमर्यादा. ताशी २० मैल. रिकामं वजन ३ टनांच्या वर असलेल्या गाडीला २० ची मर्यादा होती आणि ती मागे लावूनच फिरायचं. ३ टनांच्या आत असेल तर ३०. आता तुझे यू.डब्ल्यू.चे आकडे याच्याशी जोडून बघ, यू.डब्ल्यू. म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, पहिला आकडा टन, दुसरा हंड्रेडवेट (टनाचा विसावा भाग), तिसरा क्वार्टर (हंड्रेडवेटचा चौथा भाग). २-१९-३ असं काही लिहिलेलं सापडलं तर समजायचं की मालकाने बॉडीतून लाकूड कापून कापून गाडी ३ टनांच्या आत बसवलीय, म्हणजे कायदेशीर १० मैल जास्त पळवता येतील. खूप जण करायचे हे. २० ची मर्यादा १९५७ ला ३० झाली, आणि गंमत म्हणजे विरोध युनियनचा होता, कारण तेवढंच अंतर लवकर संपलं तर पगाराचे तास कमी होणार. म्हणजे मागे २० दिसली की फोटो १९५७ च्या आधीचा किंवा चकती काढायचा आळस केलेला.

आता गार्डनर. मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टला एल. गार्डनर अँड सन्सचा कारखाना, तेही घराणंच. गाड्या बनवत नव्हते, फक्त इंजिनं. ६एलडब्ल्यू म्हणून इंजिन होतं, सहा सिलिंडर, ८.४ लिटर आणि ताकद किती तर ११२ हॉर्सपॉवर, तीही १७०० आरपीएमला, त्याच्या वर ते जायचंच नाही. आणि हे बसवायचे आठ चाकी गाडीत, जिचं भरलेलं वजन २२ टन. टनाला पाच घोडे! आजच्या माणसाला वेड लागेल. पण डिझेल इतकं कमी प्यायचं आणि इतकं वर्षानुवर्षं चालायचं की घरगुती मालक दुसरं बघायचेच नाहीत. मोठ्या कंपनीला गाडी पाच वर्षांनी बदलता येते, चार गाड्यांच्या मालकाला एक इंजिन बंद पडलं की महिन्याचं गणित कोसळतं, म्हणून त्याला वेग नको असायचा, भरवसा पाहिजे असायचा. इंजिनासाठी नंबर लावून थांबायला लागायचं. फोडेन, ईआरएफ, ॲटकिन्सन या सगळ्यांच्या गाड्यांत गार्डनर मिळायचं. लेलँड आणि एईसी आपापली इंजिनं वापरायचे. १९५८ ला १५० हॉर्सपॉवरचं ६एलएक्स आलं तेव्हा तर लोकांनी उड्याच मारल्या.

आणि हो, बॅटरी उतरलेली असली तरी ६एलडब्ल्यूला हँडल मारून चालू करता यायचं, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलायचा, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबली जात नाही आणि इंजिन हलकं फिरतं, फिरवून फिरवून फ्लायव्हील पळायला लागलं की लिव्हर सोडायचा. ८.४ लिटरच्या डिझेलला हाताने!

"ती आवाज करणारी" म्हणजे फोडेन असणार, पैजेवर सांगतो. १९४८ ला त्यांनी स्वतःचं टू स्ट्रोक डिझेल काढलं होतं, ४.१ लिटर, सुपरचार्जरवालं. त्याची किंकाळी दोन गावं सोडून ऐकू यायची म्हणतात. एक भानगडही सांगून टाकतो, फोडेन आणि ईआरएफ एकाच घरातले. १९३० च्या सुमारास घरातला एक जण म्हणे डिझेलकडे वळा, बाकीचे म्हणे वाफेवरच राहू. ते एडविन रिचर्ड फोडेन बाहेर पडले आणि १९३३ ला आपल्या नावाची अक्षरं घेऊन सँडबॅचमध्येच, म्हणजे भावकीच्या दारात, ईआरएफ काढली. पहिल्या गाडीचा चेसिस नंबर ६३, कारण त्यांचं वय ६३ होतं. या वयात आपल्याकडे लोक नातवंडांना बागेत घेऊन जातात.

पिंपळपान:
लेलँड म्हटल्यावर मी लगेच आलो 😄 मद्रासच्या अशोक मोटर्सचं १९५५ ला अशोक लेलँड झालं आणि त्यांची कॉमेट लॉरी आपल्या घाटांतून पळाली ती याच लँकेशरच्या लेलँड गावची भावंडं. साळुंकी, तुझ्याजवळच असेल की ते गाव. बाकी चालू द्या, वाचतोय.

घाटरस्ता:
माझे काका १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडला गेले, आधी फाउंड्रीत होते आणि मग एका घरगुती कंपनीत ड्रायव्हर लागले, सातआठ गाड्या, मालक स्वतः एक चालवायचा. सुट्टीवर यायचे तेव्हा आम्ही पोरं त्यांच्याभोवती, ते लंडनचं काही सांगायचे नाहीत, सांगायचे फक्त ॲटकिन्सनचं.

केबिन म्हणजे लाकडाचा सांगाडा, वर पत्रा नाहीतर फायबर, हीटर असला तर नशीब. इंजिन दोन सीटच्या मधोमध, त्याच्यावर झाकण आणि झाकणावर जुनं ब्लँकेट, म्हणजे डावा पाय भाजतोय आणि उजवा दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याने गोठलाय. त्या झाकणावर जेवणाचा डबा गरम व्हायचा. गिअर सिंक्रो नाही काही नाही, डबल क्लच मारायचा, म्हणजे एका गिअरला दोनदा क्लच दाबायचा, आणि गार्डनरचे आरपीएम इतके सावकाश खाली येतात की चढावर गिअर बदलायची घाई केली तर गिअर पडणारच नाही आणि गाडी उभी. काका म्हणायचे तिच्या लयीने घ्यावं लागायचं, आपल्या नाही.

उत्तरेला जायचं तर शॅपचा चढ, ए६ वर. एम६ मोटरवे तिथून १९७० ला सुरू झाला, त्याच्या आधी सगळ्या स्कॉटलंडच्या गाड्या त्या माळावरून. हिवाळ्यात बर्फ पडलं की गाड्यांची रांग लागायची आणि ड्रायव्हर लोक जवळच्या कॅफेत किंवा केबिनमध्येच रात्र काढायचे. झोपायला केबिनमध्ये जागा नाही म्हणून एरवी मुक्काम ड्रायव्हर लोकांच्या खाणावळीवजा घरात, एका खोलीत पाचसहा खाटा, आणि आधीच्याची ऊब गेलेली नसतानाच त्या खाटेवर पडायचं.

पण काकांना सगळ्यात अभिमान कशाचा तर रस्सा आणि ताडपत्रीचा. तेव्हा कंटेनर नाहीत, पडदेवाल्या बॉडी नाहीत, सपाट फळ्यांची बॉडी आणि त्याच्यावर पोत्यांची नाहीतर खोक्यांची रास. ताडपत्री पुढून मागे टाकायची, कोपरे पाकिटासारखे दुमडायचे, पाणी मागे वाहून गेलं पाहिजे पुढून आत शिरता कामा नये, मग रस्सा या बाजूच्या हुकातून त्या बाजूला फेकायचा, आणि प्रत्येक हुकाला फासगाठ घालून, त्याला तिकडे डॉली म्हणतात, अंगाचं सगळं वजन टाकून खेचायचा. ओली ताडपत्री दोन माणसांना उचलत नाही. पावसात हात सोलून निघायचे. आणि मालकाचा म्हातारा बाप, धंद्यातून निवृत्त झालेला, फाटकाशी उभा राहून प्रत्येक गाडीचा रस्सा बोटाने छेडून बघायचा, ढिला वाजला तर परत बांधायला लावायचा, मुलगा मालक असला तरी त्यालाही.

शनिवारी अर्धा दिवस गाड्या धुवायच्या आणि ग्रीस मारायचं. मालकीणबाई चहा घेऊन यायची आणि पगाराची पाकिटं पण.

तिरकस:
वाचायला छान आहे सगळं, पण थोडं गुलाबी होतंय. घरगुती कंपनी म्हणजे प्रेमळ मालक असं नसतं कायम. ड्रायव्हरला तासांची नोंदवही लिहायला लागायची तीत किती जण खरं लिहायचे? मालक म्हणणार सकाळी ग्लासगोला माल पोचला पाहिजे, आणि ते घरचंच असल्यावर नाही म्हणायची सोय नाही. ब्रेक नीट नाहीत, टायर गुळगुळीत, उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडायची. बीआरएसला नावं ठेवणारे मालक होते, ड्रायव्हर लोकांना विचारा, ठरलेले तास, युनिफॉर्म, पेन्शन, कँटीन हे कितीतरी जणांना पहिल्यांदा तिथे मिळालं. १९६८ पासून लॉऱ्यांची दरवर्षी सरकारी तपासणी सुरू झाली तेव्हा बऱ्याच "व्हिंटेज" गाड्या सरळ भंगारात गेल्या, कारण त्या पास होण्यासारख्या नव्हत्याच.

घाटरस्ता:
@तिरकस, काकांच्या मालकाकडे असं नव्हतं.

तिरकस:
असेल. मी सगळ्यांबद्दल बोलतोय. टॅकोग्राफला, म्हणजे गाडीचा वेग आणि तास आपोआप नोंदवणाऱ्या यंत्राला, "केबिनमधला हेर" म्हणून तिथे केवढी बोंब झाली, शेवटी १९८१ अखेर सक्तीचा झालाच ना. प्रामाणिक नोंद ठेवणाऱ्याला हेराची भीती कशाला?

निवृत्त_कारकून:
दोघेही बरोबर आहात, भांडू नका. १९६८ च्या कायद्याने ए-बी-सी लायसन्सं गेली आणि १९७० पासून ऑपरेटर लायसन्स आलं. पूर्वी विचारायचे तुझी गरज आहे का, आता विचारायला लागले गाडी नीट ठेवतोस का, ड्रायव्हरचे तास पाळतोस का, पैसा आहे का. चांगल्या मालकाला हे बरंच होतं. पण रेल्वे आड येणार नाही याचा दुसरा अर्थ असा की कुणीही धंद्यात येणार, भाडी पडणार. त्याच सुमाराला गाड्याही बदलल्या, १९६४ पासून जोडगाडीला, म्हणजे पुढे ट्रॅक्टर मागे ट्रेलर, ३२ टनांपर्यंत परवानगी मिळाली. आठ चाकी फोडेन उत्तम स्थितीत असली तरी तेवढ्या वजनात ती स्पर्धेत राहीना. नवीन ट्रॅक्टर, दोनतीन ट्रेलर, हे चार गाड्यांच्या घराला झेपायचं नाही. आणि १९६७ पासून स्वीडनच्या व्होल्वो यायला लागल्या, गरम केबिन, एकदा ड्रायव्हर त्यात बसला की परत ॲटकिन्सनमध्ये कशाला बसेल. साळुंकीताई, तुमच्या आजींचा धंदा सत्तरच्या दशकात बंद झाला त्याचं कारण यातच कुठेतरी असेल.

साळुंकी:
बाप रे, तुम्ही लोक काय आहात! सगळ्यांना धन्यवाद. काल जाऊन बसले आजींकडे. कारकूनकाका, टेंडरच होतं. मी २५ मैल म्हटल्याबरोबर उठल्या आणि आतून नकाशा घेऊन आल्या, वडिलांनी त्याच्यावर कंपासने वर्तुळ काढलंय, गावावर कंपासच्या टोकाचं भोक आहे अजून. झालं असं की लांबच्या गाड्या १९४९ ला गेल्या, पण वडिलांच्या वेगळ्या नावावर दूध गोळा करायच्या दोन छोट्या गाड्या होत्या, त्या लांबच्या धंद्यात मोडत नव्हत्या म्हणून वाचल्या. पाच वर्षं त्याच्यावर घर चाललं. आणि दुधाच्या गाडीचा फोटो कोण काढतंय, म्हणून डब्यात नाहीत.

मोठे काका बीआरएसमध्ये डेपोवर लागले आणि तिथेच रमले. @तिरकस, हे तुझ्या बाजूने, त्यांना पेन्शन मिळाली आणि १९५४ ला भावाने परत धंदा काढू म्हटल्यावर ते आले नाहीत. दोघे भाऊ बरीच वर्षं बोलत नव्हते, ख्रिसमसला एकाच टेबलावर बसून आईमार्फत मीठ मागायचे.

टेंडरमध्ये आपल्याच जुन्या गाड्या परत मिळतील अशी वडिलांना आशा होती. त्या नाही मिळाल्या, भलत्याच कुणाच्या तरी मिळाल्या. रंग द्यायला घेतला तेव्हा दारावरच्या बीआरएसच्या लाल रंगाखाली दुसऱ्याच घराण्याचं नाव निघालं, कुठल्या तरी यॉर्कशरच्या बापलेकांचं. वडिलांनी त्या लोकांना पत्र लिहिलं होतं म्हणे, तुमची गाडी आमच्याकडे आहे, चांगली चाललीय. उत्तर आलं का ते आजींना आठवत नाही. ज्या गिऱ्हाइकांची वही आईने पाच वर्षं जपून ठेवली होती त्यातली निम्मी परत आली, निम्म्यांनी स्वतःच्या गाड्या घेतल्या होत्या.

आणि डिझेलप्रेमी, "ती आवाज करणारी" फोडेनच होती 🙂 आजींनी आवाज काढून दाखवला, मांजर पळालं.

आता राहिलं ते बाकीच्या फोटोंच्या तारखा लावायचं, ते कसं करू? साठसत्तर तरी आहेत.

डिझेलप्रेमी:
पैज जिंकलो!! तारखांसाठी, मडगार्डच्या कडा पांढऱ्या रंगवलेल्या आणि हेडलाइटवर झाकण दिसलं तर फोटो युद्धातल्या ब्लॅकआउटचा. नंबर प्लेटवरची अक्षरं गाडी कुठल्या कौंटीत नोंदली ते सांगतात, ईसी किंवा जेएम असेल तर वेस्टमोरलँड. १९६३ पासून हळूहळू नंबराच्या शेवटी वर्षाचं अक्षर यायला लागलं, ए म्हणजे १९६३, बी म्हणजे १९६४. ईआरएफची गुळगुळीत गोल केबिन आणि समोर लंबगोल जाळी दिसली तर १९५४ नंतरची. फोडेनची फुगीर फायबरची केबिन, जिला लोक मिकी माउस म्हणायचे, ती १९५८ नंतरची. पण लक्षात ठेव हे गाडीचं वय झालं, फोटो तिच्या नंतर पंधरा वर्षांनी काढलेला असू शकतो, घरगुती मालक गाडी सोडत नाहीत लवकर.

लेलँड गावात ब्रिटिश कमर्शियल व्हेइकल म्युझियम आहे, आजींना झेपत असेल तर घेऊन जा.

घाटरस्ता:
आणि फोटोची मागची बाजू पण स्कॅन कर. लोक पुढचीच करतात आणि मागे पेन्सिलीने ड्रायव्हरचं नाव, माल काय होता, कुठे चाललाय असं लिहिलेलं असतं ते राहून जातं. तो नकाशा पण. मोठा असेल तर दोन तुकड्यांत कर, घडीवर जोर देऊ नकोस.